गाडी पुढच्या टप्प्यात

"ताई, सर्टिफिकेट भेटलं. लय छान हाय. आता गाडी कधी शिकायची?"

हा निरोप सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरून नाशिकला आला आणि त्याचा अर्थ लावण्यासाठी एक बैठक भरली. चहा-बिस्किटे झाल्यावर, निरोप आनंदाचा आहे असे बैठकीत एकमताने ठरले. या आनंदाची पुस्तिका काढायची आणि ती लिहायला एखादा निवृत्त पत्रकार शोधायचा, असेही ठरले. निवृत्त पत्रकार नाशकात मुबलक आहेत. फोन मला आला.

निरोप पाठवणाऱ्या बाईंचे नाव यशोदा. तो ज्यांच्या फोनवर आला त्या मानसीताई. गंगापूर रोडला राहणाऱ्या, चाळिशीच्या अलीकडच्या, बोलक्या आणि मनाने चांगल्या. काही वर्षांपूर्वी एका देवाणघेवाण कार्यक्रमातून त्या अमेरिकेतल्या मक्याच्या शेतांमधल्या एका लहान गावात राहून आल्या. परत आलेल्याने आपल्या भागात लोकांसाठी शिक्षणाचा एखादा उपक्रम चालवावा, अशी अपेक्षा असते. त्या गावात त्यांना एक गोष्ट दिसली होती. तिथल्या बायका स्वतः गाडी चालवतात आणि म्हणून कुठेही जातात. त्यावरून इथे 'गतिमान सखी' हा प्रकल्प सुरू झाला. उद्दिष्ट एकच: ग्रामीण महिलांनी दुचाकी चालवावी.

पद्धत मात्र साधी नव्हती. मानसीताईंनी एकेका बाईला शिकवायचे नाही. त्यांनी प्रशिक्षक घडवायचे, त्या प्रशिक्षकांनी पुढचे प्रशिक्षक घडवायचे, आणि असे करत गाडी खेड्यापर्यंत पोहोचायची. पहिली कडी देवळाली कॅम्पला, दुसरी नामपूरला, तिसरी सुरगाण्याच्या डोंगरात. यशोदाबाई तिसऱ्या कडीत होत्या. त्यांच्या निरोपाचा उरलेला भाग मी मानसीताईंच्या फोनवर वाचला. मुलांच्या पोषणाचे काम करणारी एक संस्था आसपासच्या पाड्यांवर फिरण्यासाठी बाई नेमणार होती. अट अशी, की बाईला दुचाकी यायला हवी. सोमवारी साहेब येऊन बघणार होते. येत नसेल तर काम पलीकडच्या पाड्यावरच्या दुसऱ्या बाईला जाणार होते.

"बघा," मानसीताई म्हणाल्या, "डिमांड तयार झाली!"

सोमवार चार दिवसांवर होता. मधल्या दिवसांत आम्ही साखळीच्या पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत जायचे आणि रविवारी पाड्यावर यशोदाबाईंचा सत्कार करायचा, असा बेत ठरला. त्यांची गाडी शिकायची इच्छा सोडून बाकी सगळ्याची सोय झाली होती.

देवळाली कॅम्प

निघताना मानसीताई मागच्या सीटवर बसल्या. पुढे भाड्याचा ड्रायव्हर. तुम्ही स्वतः चालवत नाही का, असे मी विचारले.

"नाशिकच्या ट्रॅफिकमध्ये? नको रे बाबा."

"आणि तिकडे?"

"तिकडे मार्था होती ना. जिच्याकडे राहायचे ती. मला सगळीकडे सोडायची. तिकडे बस नसतेच. मार्था नसेल त्या दिवशी मी घरात." त्यांनी खिडकीची काच वर केली. "मोबिलिटीचं महत्त्व मला तिथेच कळलं."

कॅम्पात शिरले की रस्ते सरळ होतात आणि झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे दिसू लागतात. दूर सरावाच्या मैदानावर तोफा चालू होत्या. काचा हलत होत्या, पण बाजारातले कुणीही मान वळवत नव्हते. भाजीवाला दर सांगता सांगता आवाजापुरता थांबे आणि पुढचा दर सांगे.

साखळीची पहिली कडी, सुनीतावहिनी, लष्करातल्या एका नाईकाच्या पत्नी. माहेर सिन्नरकडचे, पण नवऱ्याच्या बदल्यांबरोबर अर्धा देश पाहिलेला, त्यामुळे बोलण्यात हिंदी मुक्कामाला आलेली. त्या आम्हाला घ्यायला बेकरीपाशी आल्या त्या स्कूटरवरून. हेल्मेट घातलेले, पट्टा लावलेला. मी नोंद केली: प्रकल्पात वाहन चालवणारी व्यक्ती सापडली.

"प्रशिक्षणात शिकलात?" मी विचारले.

"नाही हो भाईसाब. ही तर मला पठाणकोटला असतानापासून येते."

"मग प्रशिक्षणात काय शिकलात?"

वहिनींनी बेकरीच्या बाकावर बसून, चहात खारी बुडवत सगळे सांगितले. प्रशिक्षण एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाले. एसी होता. आधी सगळ्यांनी गोल करून लोकरीचा गुंडा एकमेकींकडे फेकला. मग प्रत्येकीला पिवळी चिकटचिठ्ठी दिली आणि गाडीबद्दलची आपली भीती लिहून भिंतीला लावायला सांगितली.

"मला भीतीच नव्हती. मॅडम म्हणाल्या, काहीतरी लिहाच. मग मी लिहिलं, पाल."

"त्यावर चर्चा खूप छान झाली होती," मानसीताई म्हणाल्या.

"आणि गाडी?" मी.

"गाडी खाली पार्किंगमध्ये होती ना माझी."

"तशी नाही. तुम्ही पुढे नामपूरच्या सरांना शिकवलंत, तेव्हा गाडी कधी शिकवली?"

वहिनींनी मानसीताईंकडे पाहिले. "ते खालच्या लेव्हलला आहे ना मॅडम? तुम्ही सांगितलं होतं, आपण फक्त कॉन्फिडन्स द्यायचा."

"बरोबर," मानसीताई म्हणाल्या. "प्रत्यक्ष वाहन पुढच्या टप्प्यात."

तोफ वाजली. कपबशी हलली. वहिनी रविवारी आमच्याबरोबर यायला तयार झाल्या. सुरगाणा बघितलेले नव्हते, आणि यशोदाचे काय होते तेही बघायचे होते.

नामपूर

दुसऱ्या दिवशी सटाण्यावरून नामपूरला पोहोचलो तेव्हा कांद्याचा लिलाव रंगात होता. ट्रॅक्टरांची रांग, भोवती टोप्या, आणि हवेत तो वास, जो कपड्यांना नाशिकपर्यंत सोबत करतो. व्यापारी मूठभर कांदे उचलून बघतो, एक दाबतो, टाकतो, आणि पुढे सरकतो. बोली लागायला फार वेळ लागत नाही. इथे कुणी कांद्याबद्दलची आपली भीती लिहून भिंतीला लावत नाही.

साखळीची दुसरी कडी म्हणजे शेवाळे सर. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात प्रकल्पाचे ओळखपत्र. आले ते मोटारसायकलवरून, मागे कांद्याची गोणी बांधून. मी पुन्हा नोंद केली. प्रकल्पात वाहन चालवणाऱ्यांची कमतरता नव्हती. कमतरता दुसऱ्याच कशाची तरी होती.

सरांच्या घरी बसायला खाटा टाकल्या. सरांनी कपाटामागून एक गुंडाळी काढून उलगडली. कापडावर हाताने रंगवलेले मोटारसायकलचे भले मोठे चित्र. प्रत्येक भागाला बाण, प्रत्येक बाणाला नाव. काम खरोखर सुबक होते.

"यशोदाबाई आणि बाकीच्या महिलांना कळवणच्या शिबिरात यावरच शिकवलं," सर म्हणाले. "त्यांना सगळे भाग पाठ आहेत. रात्री झोपेतून उठवून विचारा."

"चालवून पाहिली कुणी?"

"शिबिर मंगल कार्यालयात होतं. आत गाडी आणू देत नाहीत, फरशी खराब होते."

"मग बाहेर?"

"हे बघा, थिअरी पक्की झाली की प्रॅक्टिकल आपोआप येतं."

"पोहण्याचंही तसंच असतं का सर?"

"पोहायला पाणी लागतं," सर शांतपणे म्हणाले.

त्यांच्या पत्नी आतून शेवभाजी आणि कळण्याची भाकरी घेऊन येत होत्या. उंबऱ्यातच थांबल्या. बागलाणातल्या बोलीत, ताटे न हलवता, त्यांनी सांगितले:

"गाडी शिकाडाले गाडी लागस. इतलं तं म्हैसले बी समजस."

सर हसले, पाहुण्यांसमोर नवरे हसतात तसे.

"हसू नका. माले तरी शिकाडी का कधी? लगीन व्हयनं तईपशी मांगेच बठेल शे मी."

लग्न झाल्यापासून मागेच बसलेली आहे, एवढे भाषांतर मानसीताईंसाठी मी केले. त्यांनी ते लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतले. "हे फार पॉवरफुल आहे," त्या म्हणाल्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि ताटात आणखी तर्री वाढली. शेवभाजी एवढी तिखट होती की पुढचा काही वेळ प्रकल्पातले कुणीच काही बोलले नाही. इतका उपयुक्त वेळ त्या सहलीत दुसरा गेला नाही.

जेवणानंतर मी सरांना सरळ विचारले. सोमवारी यशोदाबाईंना साहेबांसमोर गाडी चालवून दाखवायची आहे, हे तुम्हाला माहीत आहे ना?

"माहीत आहे ना. मी त्यांना शुभेच्छाही पाठवल्या."

"त्या गाडी चालवणार कशी?"

"त्या फील्ड ट्रेनर आहेत," सर म्हणाले. "प्रत्यक्ष वाहन हा फील्डचा भाग आहे."

सटाणा, कळवण, आणि पुढे

रविवारी पहाटे मानसीताई, सुनीतावहिनी, शेवाळे सर, कापडावरची मोटारसायकल आणि मी, असे निघालो. सरांनी कमरेच्या पट्ट्याला स्वतःच्या गाडीची किल्ली अडकवली होती, सवयीने. कळवण सोडल्यावर उसाचे आणि कांद्याचे पट्टे मागे पडतात, अभोण्यानंतर डोंगर जवळ येतात, आणि सुरगाण्याच्या हद्दीत रस्ता स्वतःभोवती फिरू लागतो. भात कापून झाले होते. खाचरांत नुसती खुंटे, कडेला पेंढ्याच्या उडव्या, म्हणजे रचलेले ढीग. ठिकठिकाणी घरांना कुलपे. दिवाळी झाली की या भागातली माणसे द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-पिंपळगावकडे उतरतात, ती होळीला परततात.

मानसीताई खिडकीतून फोटो घेत होत्या. "तिकडेही अशीच शांतता असते," त्या म्हणाल्या. तिकडची शांतता लोक घरात गाडी लावून बसल्याची असावी. इथली शांतता लोक जीपमध्ये बसून गेल्याची होती.

मोठ्या गावापाशी आमच्या ड्रायव्हरने पुढचा चढ पाहिला, खाली उतरून पुन्हा पाहिला, आणि गाडी झाडाखाली लावली. पुढे जीप. जीपचा नियम सोपा आहे, भरली की निघते. भरली म्हणजे काय, हे जीपवाला ठरवतो. आम्ही चौघे बसल्यावर तिला आमच्या शहरी डोळ्यांनी भरलेली मानले. जीपवाल्याने आमच्याकडे रिकाम्या डब्याकडे बघावे तसे पाहिले आणि तो तंबाखू मळत बसला.

"किती वेळ?" सुनीतावहिनींनी विचारले.

"भरली का निघू."

"कधी भरेल?"

"मानसं आली का."

ऊन चढले. एक म्हातारा कोंबडी घेऊन आला, मग दोन बाया सरपणासकट. यशोदाबाईंना रोज पाड्या-पाड्यांवर फिरायचे असेल तर या नियमाने फिरावे लागेल, हे एव्हाना चौघांनाही बसल्या जागी कळत होते.  सरांनी कापडी गुंडाळी उन्हापासून वाचवायला डोक्यावर धरली.

पाडा

पाड्यावर यशोदाबाई वाट बघत उभ्या होत्या. पंचविशीच्या आसपास, बारावी झालेल्या, साडीचा पदर घट्ट खोचलेला. शेजारी त्यांच्या सासूबाई. घराच्या पडवीत गोणपाटाखाली झाकलेले काहीतरी उभे होते. ती त्यांच्या नवऱ्याची मोटारसायकल. नवरा द्राक्षबागेत, किल्ली घरात खिळ्याला, आणि निरोप असा: मी आलो की शिकवीन. म्हणजे होळीला.

आधी जेवण झाले. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी. भाकरी काळपट आणि जड, आमटीत बुडवली की एकदम कळते. सर दोनदा मागून जेवले. मग आंब्याला बॅनर बांधले, त्याच्या शेजारी कापडावरची मोटारसायकल. आसपासच्या बाया जमल्या. मानसीताईंनी पिशवीतून लोकरीचा गुंडा काढला आणि गोल करायला लावला. गुंडा फिरला. बाया पोट धरून हसल्या. एका शेळीने धागा तोंडात घेतला, त्याला मानसीताई 'सहभाग' म्हणाल्या.

शाल आणि नारळ पुढे आला तेव्हा यशोदाबाईंनी हात मागे घेतला.

"ताई, ते राहू द्या. गाडी कधी?"

"अगं, तू आता ट्रेनर झालीस!"

"ते झाली. पण उद्या सायेब येनार. मला चालवता येत नाय."

मानसीताईंनी सुनीतावहिनींकडे पाहिले. वहिनींनी सरांकडे. सरांनी सवयीने पुढे पाहिले आणि पुढे यशोदाबाईच उभ्या होत्या.

"म्हणजे," सर खाकरले, "प्रत्यक्ष वाहन हे तुमच्या पुढच्या टप्प्यात येतं."

"माझ्यापुढं कोन?" यशोदाबाई म्हणाल्या. "सर, माझ्याखाली आता कोनीच नाय."

"कोंबड्या हायेत," सासूबाई म्हणाल्या.

बाया हसल्या. यशोदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ब्लाउजमधून प्लास्टिकची पिशवी काढली. आत शिकाऊ परवाना. तो त्यांनी दिवाळीच्या आधीच, नवरा घरी असताना, काढून ठेवला होता. मी साखळी पहिल्या कडीपासून तपासत आलो होतो. कुणाच्याही घडीपत्रिकेत, चिठ्ठीत किंवा चित्रात परवान्याचा उल्लेख नव्हता.

"पलीकडच्या बाईला काम नको, असं मी म्हनत नाय," यशोदाबाई हळू म्हणाल्या, "तिलाबी काम हवंच हाय. पन तिला गाडी येते. मला काम भेटलं तर ह्यांना पुढल्या साली बागंत जावं लागनार नाय. म्हनून विचारते."

 आंब्यावरचे बॅनर वाऱ्याने फडफडले. त्यावर 'गतिमान' एवढेच वाचता येत होते, 'सखी' दुमडली गेली होती.

सुनीतावहिनी पुढे झाल्या. "मला स्कूटर येते, गिअरची नाही येत. सर, तुम्हाला येते ना?"

"येते. पण मी—"

"तुम्ही रोज कांदे नेता ना त्यावर?"

"कांदे वेगळे."

"मग शिकवा की."

सरांनी आजूबाजूला पाहिले. खरी अडचण आता बाहेर आली. शिकवायचे तर मागे बसावे लागणार. दुसऱ्याच्या घरच्या सुनेच्या मागे, तिच्या नवऱ्याच्या गाडीवर, तिच्या सासूसमोर, अख्ख्या पाड्यासमोर. सरांनी हे शब्दांत सांगितले नाही. त्यांनी सासूबाईंकडे पाहिले. सासूबाईंनी सरांकडे. उत्तर स्पष्ट होते. देवाणघेवाण कार्यक्रमात या प्रकरणावर धडा नसावा.

"मी बसते मागे," वहिनी म्हणाल्या. "तोल मी धरीन. गिअर तुम्ही ओरडून सांगा."

"आणि तुम्ही?" मानसीताईंनी मला विचारले. "तुम्हाला येते का?"

मला येते. पण बातमीदाराने बातमीत उतरू नये, असा एक नियम आहे. तो फार सोयीचा आहे.

गोणपाट काढले. किल्ली खिळ्यावरून आली. गाडी ढकलत खाचरात नेली. यशोदाबाई बसल्या, मागे वहिनी हेल्मेटसह. सर शेजारी उभे राहिले आणि त्यांनी गळ्यातले ओळखपत्र काढून खिशात घातले. ते धावताना तोंडावर आपटते, हे त्यांच्या आधीच लक्षात आले, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

"क्लच दाबा. पहिला. आता हळू सोडा. हळू! हळू!"

गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्या वेळी दोन उड्या. तिसऱ्या वेळी ती खरेच निघाली, खुंटांवरून धडधडत. शेजारून शेवाळे सर धावू लागले, इस्त्रीचा शर्ट बाहेर आलेला, "दुसरा टाका! दुसरा!" असे ओरडत. यशोदाबाईंना सायकल शाळेपासून येत होती, तोल गेला नाही. थांबायचे कसे, तेवढे राहिले होते. ब्रेकचा बाण चित्रात सगळ्यात खाली होता.

गाडी पेंढ्याच्या उडवीत शिरली. उडवीतून आधी हेल्मेट बाहेर आले, मग यशोदाबाईंचा हात, कोपराला खरचटलेला. सर पोहोचले तेव्हा त्यांच्या एका पायात बूट नव्हता. तो मागे खाचराच्या ओल्या कोपऱ्यात, चिखलात उभा होता.

"बैलालाबी पयल्या दिशी असंच करावं लागतं," सासूबाई म्हणाल्या आणि हळद आणायला गेल्या.

मानसीताई मघाशी फोटो घेत होत्या. आता त्यांनी फोन पिशवीत टाकला आणि दुसऱ्या बाजूने धावायला लागल्या. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुस्तिकेतून त्यांनी हे वाक्य काढायला लावले. त्यांच्या मते त्यात नेतृत्व दिसत नव्हते.

ऊन उतरेपर्यंत ते चालले. उडवी आणखी एकदा मोडली. सरांचा आवाज बसला. वहिनी दोनदा उतरून पुन्हा बसल्या, नंतर उतरल्याच नाहीत, कारण उतरण्याची गरज संपली. शेवटी यशोदाबाई एकट्या खाचराला वळसा घालून आल्या आणि सरांच्या उरलेल्या बुटापासून हातभर अंतरावर थांबल्या. ब्रेक लावून.

"झालं," सर घोगऱ्या आवाजात म्हणाले. मग जरा वेळाने, कुणालाही उद्देशून नाही असे: "हे आधीच करता आलं असतं."

कुणी त्यावर चर्चासत्र घेतले नाही.

सोमवार

रात्र पाड्यावर काढून साहेबांची वाट आम्ही खालच्या गावातल्या पंचायतीच्या पत्र्याच्या शेडखाली बघत होतो. ते उशिरा आले, कारण जीप भरत नव्हती. नीटनेटके, सौम्य, घाम पुसत असलेले गृहस्थ. रस्त्याकडे पाठ करून खुर्चीत बसले, ऊन डोळ्यांवर येत होते म्हणून. त्यांनी फाइल उघडली.

त्यांच्या पाठीमागे, डोंगराच्या उतारावर, मोटारसायकल दिसू लागली. शिकाऊ परवाना असेल तर मागे जाणकार बसवावा, असा कायदा आहे. मागे सासूबाई होत्या, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर बाजाराची पिशवी. वळणावर गाडी जरा डगमगली. माझ्या शेजारी शेवाळे सरांनी माझा दंड धरला. मग गाडी सरळ झाली, खाली आली, आणि शेडच्या कडेला थांबली. साहेब तेव्हा फाइलमधली पाने उलटत होते.

"यशोदाबाई कोण?"

"मी, सायेब."

"दुचाकी येते?"

"येते. त्याच्यावरच आली ना मी आता."

"बरं. प्रमाणपत्र?"

यशोदाबाईंनी डोंगराकडे पाहिले. मग म्हणाल्या, "घरी हाय."

"ते लागेल."

"गाडी बघा ना सायेब. चालवून दावते."

"तसं नाही," साहेब समजुतीने म्हणाले. "चालवून दाखवलेलं मला फाइलला कसं लावता येईल?"

मानसीताई उठल्या. "सर, ते प्रमाणपत्र आमच्याच संस्थेचं आहे. मीच सही केलीय. मी सांगते—"

"तुम्ही देणाऱ्या," साहेब म्हणाले. "ते धारकाकडे असावं लागतं. आज नसेल तर मला पुढचं नाव घ्यावं लागेल. मलाही वर उत्तर द्यायचं असतं."

सासूबाई गाडीवरून उतरल्या आणि पायरीवर बसल्या. "जा, घेऊन ये," त्या सुनेला म्हणाल्या.

यशोदाबाईंनी किक मारली. गाडी आल्या वाटेने चढाला लागली. चढ खडा आहे. मध्यावर इंजिन कण्हायला लागले आणि वेग पडला. "खाली घे, पहिल्यावर घे," शेवाळे सर स्वतःशीच पुटपुटले, बसलेल्या आवाजात. वर, फार लांब, गिअर बदलल्याचा आवाज आला. गाडी वळणाआड गेली.

साहेबांनी चहा घेतला. "घर लांब आहे का?"

"त्या डोंगरावर," कुणीतरी दाखवले.

"मग कसं व्हायचं? मला परतायचंय."

"गाडीवर गेलीय," सुनीतावहिनी म्हणाल्या.

"अच्छा, गाडीवर," साहेबांचा जीव भांड्यात पडला. "मग येईलच लवकर."

आणि ते निश्चिंतपणे, बाईंना गाडी येते याच्या पुराव्याची वाट बघत बसले.

यशोदाबाई आल्या. खुर्चीच्या पायापाशी ब्रेक लावला, धूळ उडाली. साहेबांनी प्रमाणपत्रावरची धूळ फुंकली, ते वाचले, उलटे करून मागची कोरी बाजूही पाहिली. मी ते आधी वाचले होते. त्यात लिहिले होते की धारक ही दुचाकीविषयक जाणीवजागृतीचे प्रशिक्षण देण्यास पात्र आहे. चालवण्याविषयी त्यात एक अक्षर नव्हते.

"उत्तम," साहेब म्हणाले आणि सही केली. "एक तारखेपासून या."

मानसीताईंच्या डोळ्यांत पाणी आले. वहिनींनी यशोदाबाईंची पाठ थोपटली. सरांना काही बोलायचे होते, पण आवाज नव्हता. यशोदाबाई नुसत्या उभ्या होत्या, हात अजून हँडलवर. मग त्यांनी द्राक्षबागेत नवऱ्याला फोन लावला आणि पाठ फिरवून हळू बोलल्या.  पलीकडून एकदम मोठ्याने हसल्याचे ऐकू आले, बागेतल्या इतर माणसांसह.

सासूबाई उठल्या. पदर खोचला, पिशवी काखेत घेतली.

"झालं ना? चल आता. बाजार उठंल."

त्या मागे बसल्या आणि दोघी बाजाराच्या दिशेने गेल्या.

साहेबांनी फाइल बांधली. मानसीताईंनी बॅनर गुंडाळले, सरांनी कापडावरची मोटारसायकल. आम्ही सगळे जीपमध्ये जाऊन बसलो. जीपवाल्याने आत डोकावून मोजदाद केली आणि खाली बसून तंबाखू काढला.

"अजून भरली नाही का?" साहेबांनी विचारले.

"नाय."